मोटारीचे तारे कसे वाचावेत?



मी आकुर्डीला राहतो आणि जवळच्याच एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. आमच्याकडे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून नव्याकोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर जात असतात. लहान मुले त्यावरच्या मोटारी मोजतात, मोठी माणसे रंग आणि आकार पाहतात. पण त्या चकचकीत पत्र्याच्या आत सांगाडा कसा आहे, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. आज मला त्या न दिसणाऱ्या भागाविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

याच आकुर्डीतून १९७२ साली बजाजची चेतक स्कूटर बाहेर पडू लागली. त्या काळी स्कूटर हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. नंबर लागला की मिळेल तो रंग आणि मिळेल ती गाडी घेऊन माणूस पेढे वाटत घरी यायचा. 'ब्रेक कसे आहेत हो?' असे विचारण्याची सोयच नव्हती. आज दिवस पालटले आहेत. एकाच मोटारीचे आठ-दहा प्रकार दुकानात मांडलेले असतात. निवड आपल्या हाती आली आहे. पण निवड कशी करावी, ते आपल्याला कुणी शिकवलेले नाही.

माझे एक मामा खेड तालुक्यात शेती करतात. गेल्या खेपेला कांद्याला बरा भाव मिळाला, तेव्हा त्यांनी मोटार घ्यायचे ठरवले आणि मला बरोबर नेले. दुकानातल्या विक्रेत्याने चहा पाजला आणि अर्धा तास माहिती दिली. छपराला काच आहे, ती बटण दाबले की सरकते. समोर मोठा पडदा आहे. चाके चकाकणारी आहेत. मामा खूश झाले. मग मी विचारले, "या गाडीला तारे किती?" विक्रेता म्हणाला, "साहेब, एअरबॅगा आहेत की!" मामांनी माझ्याकडे पाहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "तारे म्हणजे काय रे? ते आभाळात असतात एवढं मला माहीत आहे."

मामांना जे सांगितले, तेच आज तुम्हांला सांगतो.

मोटार अपघातात आतल्या माणसांना किती सांभाळते, हे पाहण्यासाठी ती मुद्दाम आपटून पाहतात. आत माणसाच्या वजनाचे आणि मापाचे पुतळे बसवतात. पुतळ्यांच्या डोक्यात, छातीत, मांड्यांत मोजमापाची यंत्रे असतात. मग गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने एका ठोकळ्यावर नेऊन आदळतात. हा ठोकळा मधमाशांच्या पोळ्यासारख्या ॲल्युमिनियमच्या जाळीचा असतो. गाडीचे सबंध तोंड त्यावर आपटत नाही, चालकाच्या बाजूचा शंभरात चाळीस भागच आपटतो. समोरासमोर टक्कर होते तेव्हा बहुधा असेच घडते. शेवटच्या क्षणी दोघेही चालक गाडी वळवू पाहतात आणि अर्धेमुर्धे तोंड एकमेकांवर येते.

ताशी ६४ हा वेग ऐकायला किरकोळ वाटतो. पण हिशेब करून पाहा. सोळा मीटर उंचीवरून खाली पडणारी वस्तू जमिनीला टेकते, तेव्हा तिचा वेग एवढाच असतो. सोळा मीटर म्हणजे पन्नास-बावन्न फूट. आपल्याकडच्या चांगल्या खोल विहिरीएवढी ही उंची झाली. कोरड्या विहिरीच्या काठावरून गाडी आतल्या माणसांसह खाली टाकावी, तसा हा आघात आहे. तो सोसून माणूस जगावा, अशी गाडी बांधणे ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

ते साधते कसे? गाडीचे तोंड मुद्दाम चेपणारे करतात. ते चेपले की आघाताची बरीच ताकद तिथे खर्च होते. माणसे बसतात तो मधला भाग मात्र पेटीसारखा भक्कम ठेवतात, तो चेपता कामा नये. पट्टा माणसाला जागेवर धरून ठेवतो. आणि एअरबॅग म्हणजे हवेची पिशवी, ती पापणी लवायच्या आत फुगते व डोक्याला उशीसारखी आडवी येते. या साऱ्यांनी मिळून आपले काम केले की पुतळ्याला इजा कमी होते, गुण जास्त मिळतात, आणि गुणांवरून शून्य ते पाच तारे देतात.

आता आमच्या शेजारचीच एक हकिकत सांगतो. आकुर्डीहून चाकण फार लांब नाही. तिथे फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा कारखाना २००९ साली सुरू झाला आणि त्यात पोलो नावाची लहान मोटार तयार होऊ लागली. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान मोटारी आपटून पाहिल्या. मारुतीची अल्टो ८००, टाटांची नॅनो, ह्युंदाईची आय-टेन, फोर्डची फिगो आणि चाकणची ही पोलो. सगळ्या सर्वांत स्वस्त प्रकारातल्या, म्हणजे एअरबॅग नसलेल्या होत्या. पाचांचाही निकाल एकच आला. मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे.

पण निकालपत्राच्या आतले शेरे वाचण्याजोगे होते. अल्टो, नॅनो आणि आय-टेन यांचा सांगाडाच आघाताखाली टिकला नाही. त्यांना एअरबॅग बसवूनही फारसा उपयोग होणार नाही, असे परीक्षकांनी म्हटले. फिगो आणि पोलो यांचा सांगाडा टिकला होता. त्यांच्यात उणीव होती ती एअरबॅगांची. मग दोन एअरबॅगा असलेली पोलो आपटून पाहिली. तिला चार तारे मिळाले! तोच कारखाना, तेच कामगार, तोच सांगाडा. एकीला शून्य, दुसरीला चार. फोक्सवॅगनने त्यानंतर एअरबॅग नसलेली पोलो भारतात विकणे बंद केले.

श्रोतेहो, या हकिकतीत दोन निरनिराळे निर्णय आहेत आणि गिऱ्हाइकाने ते वेगळे ओळखले पाहिजेत. सांगाडा कसा असावा, हा निर्णय गाडी कागदावर असतानाच होतो. एकदा साचे तयार झाले की तो बदलणे फार खर्चाचे असते. गाडी घेतल्यावर आपण तर त्यात काहीच करू शकत नाही. एअरबॅगा किती घालाव्या, कोणत्या प्रकारात घालाव्या, हा दुसरा निर्णय. तो विक्रीखात्यात होतो, आणि गिऱ्हाईक कशासाठी पैसे मोजायला तयार आहे, हे पाहून होतो. गिऱ्हाईक काचेच्या छपरासाठी पैसे देत असेल आणि सुरक्षिततेचे नावही काढत नसेल, तर कारखानदार छप्पर पुढे करील आणि सुरक्षिततेची साधने सर्वांत महाग प्रकारात ठेवील. त्याला दोष देणे सोपे आहे. पण त्याच्या हिशेबाच्या वहीत आपल्या मागणीचाही एक रकाना असतो.

कारखानदाराची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. तो म्हणतो, गाडी महाग केली तर गरीब माणूस स्कूटरवरच राहील आणि ते अधिक धोक्याचे आहे. २००८ साली टाटांनी एक लाखाची नॅनो जाहीर केली, त्यामागे हाच विचार होता. एका स्कूटरवर नवरा, बायको आणि दोन मुले पावसात जाताना रतन टाटांनी पाहिली आणि त्यांना त्या गाडीची कल्पना सुचली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. आकुर्डीला मुख्य कचेरी असलेल्या बजाज कंपनीने २०१२ साली आरई-६० नावाची छोटी चारचाकी दाखवली. पुढे तिचे नाव क्यूट झाले. 'रिक्षापेक्षा ही बरी, हिला चार चाके आहेत, पक्के छप्पर आहे, पट्टे आहेत,' असे कंपनीचे म्हणणे होते. २०१६ साली युरोपातल्या परीक्षकांनी अशा हलक्या चारचाकींसाठी असलेल्या वेगळ्या परीक्षेत क्यूटला बसवले, तेव्हा तिला एक तारा मिळाला.

मग खरे कुणाचे? माझ्या मते दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. उघड्या दुचाकीपेक्षा पेटी बरी. पण पेटीत बसलेला माणूस मोटारीच्या वेगाने मोठ्या रस्त्यावर निघणार असेल, तर ती पेटी त्या वेगाला पुरणारी हवी. स्वस्त वस्तू करणे हे पुण्याचे काम आहे. मात्र ती स्वस्त कशामुळे झाली, हे गिऱ्हाइकाला पैसे देण्यापूर्वी कळले पाहिजे. तारे त्यासाठी आहेत.

आता कोणी विचारील, सरकारचा कायदा नाही का? आहे. १ ऑक्टोबर २०१७ पासून बाजारात येणाऱ्या नव्या मोटारींना समोरून आणि बाजूने आपटण्याची परीक्षा सक्तीची झाली, आणि दोन वर्षांनी जुन्या बनावटीच्या मोटारींनाही ती लागू झाली. जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. २०२१ संपेपर्यंत त्याच्या शेजारच्या जागेसाठीही झाली. सहा एअरबॅगा सक्तीच्या करण्याचा प्रस्ताव २०२२ साली आला होता, तो पुढे मागे पडला. कायद्याच्या परीक्षेत समोरून आपटण्याचा वेग ताशी ५६ आहे, ताऱ्यांच्या परीक्षेत ६४. फरक आठाचाच दिसतो. पण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ६४ चा आघात ५६ च्या आघातापेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी भारी असतो. शिक्षकांना सांगायचे तर, कायदा म्हणजे पस्तीस गुणांची पास होण्याची रेघ. तारे म्हणजे त्यावर मुलाने किती गुण मिळवले ते सांगणारी गुणपत्रिका.

ही गुणपत्रिका चांगली यावी म्हणून कारखानदारांतही चढाओढ लागली. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावी तयार होणाऱ्या टाटांच्या नेक्सॉनला २०१८ च्या डिसेंबरात पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या मोटारीला ग्लोबल एनकॅपकडून पाच तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ. चाकणच्या महिंद्रा एक्सयूव्ही-७०० ला २०२१ साली, आणि चाकणच्याच श्कोडा कुशाक व फोक्सवॅगन टायगुन यांना २०२२ साली पाच तारे मिळाले. ज्या चाकणहून २०१४ सालची शून्य ताऱ्यांची पोलो निघाली, तिथूनच आठ वर्षांत पाच ताऱ्यांच्या गाड्या निघू लागल्या. गिऱ्हाईक विचारू लागले, वर्तमानपत्रे छापू लागली, कायदा कडक झाला, तेव्हा हे घडले.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये भारत एनकॅप ही आपली स्वतःची योजना जाहीर झाली आणि १ ऑक्टोबरपासून लागू झाली. तिची देखरेख आमच्या भोसरीच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्टकडे आहे. साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारींना ती लागू आहे. मोठ्या माणसांसाठी ३२ गुण आणि मुलांसाठी ४९ गुण असतात. पाच ताऱ्यांसाठी पहिल्यात निदान २७ आणि दुसऱ्यात निदान ४१ गुण हवेत. पहिले निकाल त्याच वर्षीच्या डिसेंबरात आले. पिंपरी-चिंचवडमध्ये तयार होणाऱ्या टाटांच्या हॅरिअर आणि सफारी या दोन्ही मोटारींना पाच-पाच तारे मिळाले. मात्र ही परीक्षा ऐच्छिक आहे. कोणती गाडी परीक्षेला बसवायची, हे कारखानदारच ठरवतो. म्हणून एखाद्या गाडीला तारेच नसतील, तर तिची परीक्षा झालेली नाही एवढाच त्याचा अर्थ. गाडी वाईट, असे त्यावरून म्हणता येत नाही, पण 'का बसवली नाही?' हा प्रश्न आपण दुकानात विचारू शकतो.

तारे वाचताना आणखी काही पथ्ये पाळावीत.

पहिले, तारे कंपनीला नसतात, त्या त्या गाडीला असतात. महिंद्राच्या चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनला २०२२ साली मोठ्यांसाठी पाच तारे मिळाले. त्याच कंपनीच्या बोलेरो निओला २०२४ साली एकच मिळाला. 'अमुक कंपनीची गाडी म्हणजे दणकट' हे वाक्य म्हणूनच पुरेसे नाही. दारावर बुक्की मारून आवाज ऐकण्याने तर काहीच कळत नाही.

दुसरे, मुलांचे तारे वेगळे वाचावेत. त्याच स्कॉर्पिओ-एनला मुलांसाठी तीन तारे होते. मागे नातवंडे बसणार असतील, तर आजोबांनी हा आकडा आधी पाहावा.

तिसरे, तारे कोणत्या साली मिळाले ते पाहावे. ग्लोबल एनकॅपने २०२२ च्या जुलैपासून परीक्षा अवघड केली. त्यापूर्वीचे पाच तारे आणि नंतरचे पाच तारे एकाच तराजूत घालता येत नाहीत.

चौथे, परीक्षा ताशी ६४ वेगाची आहे. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. त्या वेगाला गाडीतली ऊर्जा ६४ च्या मानाने साडेतीन पट होते. पाच तारे आहेत म्हणून वाटेल तसे हाकायला परवाना मिळत नाही.

पाचवे, आणि खेड्यातल्या श्रोत्यांनी हे मनावर घ्यावे. पुष्कळजण गाडी घेतली की पुढे जाडजूड लोखंडी गार्ड बसवतात. आपण गाडी मजबूत केली असे त्यांना वाटते. खरे म्हणजे जे तोंड चेपून आघात गिळणार होते, त्याच्या आड आपण लोखंड घातलेले असते. एअरबॅग केव्हा फुगायची, हा त्या यंत्राचा हिशेबही त्याने चुकू शकतो. रस्त्याने पायी जाणाऱ्याला तर तो गार्ड जिवावरचा ठरतो. केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरात असे गार्ड बेकायदा असल्याचे राज्यांना कळवले आहे.

एवढे करूनही सर्व व्यर्थ जाते, जर पट्टा बांधला नाही तर. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. गाडी नामांकित होती. पुढे बसलेले दोघे जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघे, मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, गेले. मागच्या दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मागच्या सीटवर पट्टा कशाला, असे आपण सगळेच म्हणतो. गाडी थांबते, पण आतला माणूस त्याच वेगाने पुढे जातच राहतो. पट्टा असेल तर त्याला थांबायला हात-दीड हात जागा मिळते. नसेल तर पुढच्या सीटवर चार बोटांत थांबावे लागते, आणि त्या सीटवर दुसरा माणूस बसलेला असतो.

शिक्षक बंधुभगिनींनी हे वर्गात करून दाखवावे, खर्च काही नाही. चाके असलेली एक खेळण्यातली गाडी घ्या. तिच्यावर ओल्या मातीची बाहुली बसवा आणि उतरत्या फळीवरून गाडी विटेवर सोडा. बाहुली उडून पुढे पडेल. मग बारीक तारेने बाहुली गाडीला बांधा आणि पुन्हा सोडा. बाहुली राहील, पण तार मातीत रुतेल. तिसऱ्यांदा रुंद फितीने बांधा. आता बाहुली राहील आणि मातीवर खूणही फारशी उमटणार नाही. जडत्वाचा नियम, पट्टा का हवा आणि तो रुंद का असतो, या तिन्ही गोष्टी मुलांना एका तासात समजतील. आणि ती मुले घरी जाऊन वडिलांना सांगतील. मास्तरांपेक्षा घरात त्यांचे जास्त ऐकतात.

मामांनी शेवटी काय केले, ते सांगून पुरे करतो. त्यांनी तेवढ्याच पैशांत दुसरी एक गाडी घेतली. तिला मोठ्यांचे आणि मुलांचेही तारे चांगले होते. पण ती खालच्या प्रकारातली मिळाली. छपराला काच नाही, मोठा पडदा नाही. घरी थोडी कुरकुर झाली. मामी म्हणाल्या, "एवढे पैसे मोजले आणि गाणीसुद्धा धड लागत नाहीत!"

पुढच्या आठवड्यात मी गावी गेलो. सगळे मिळून आळंदीला निघालो होतो. मागच्या सीटला कुणीतरी हौसेने नवे कापडी कव्हर चढवले होते आणि पट्ट्यांची कुलपे त्या कव्हराखाली दाबून टाकली होती. मामांनी गाडी सुरू केली नाही. खाली उतरले, खिशातली सुरी काढली, कव्हराला तीन ठिकाणी चिरा दिल्या आणि तिन्ही कुलपे बाहेर ओढली. नातीच्या कमरेचा पट्टा स्वतः नीट बसवला. मग गाडीत जागा नाही म्हणून मागे राहिलेल्या दोघा भाच्यांना ते म्हणाले, "तुम्ही एस.टी.ने या. आम्ही देवळापाशी थांबतो."